बंदराचे दफ्तर

आपल्या जुन्या घराण्यांत कुलवृत्तान्ताला मोठा मान असतो. मूळ पुरुष कोकणातील अथवा देशावरील कोणत्या गावाहून निघाला, कोणत्या सरदाराच्या पदरी राहिला, बडोद्यास, इंदुरास किंवा ग्वाल्हेरीस केव्हा आला आणि कोणत्या वाड्यात त्याने बिऱ्हाड केले, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. अशी नोंद राहिली नाही, तर चार पिढ्यांनंतर घरातले लोकही आपण येथलेच समजू लागतात, आणि शेजाऱ्यांनाही तसेच वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका दफ्तराविषयी लिहिणार आहोत. ते माणसांचे मात्र नव्हे. बंदराच्या पाण्यात राहणाऱ्या जलचरांचे आहे.

बंदर म्हटले की नोंद आलीच. कोणते जहाज कोठून आले, त्यात माल काय होता, जकात किती बसली, हे लिहून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. परंतु त्याच जहाजाच्या बुडाला चिकटून आणि त्याच्या पोटातील पाण्यात राहून जे जीव एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेले, त्यांची नोंद शतकानुशतके कोणत्याच जकातचौकीने केली नाही. त्यांतील बहुतेक वाटेतच मेले. काही उतरले, रुजले आणि निरुपद्रवी ठरले. थोड्यांनी मात्र नव्या पाण्यात असा उच्छाद मांडला की, त्यापायी मासेमारी बुडाली, कारखान्यांचे नळ तुंबले आणि मूळचे जीव हटले. या थोड्यांना वेळीच ओळखता यावे म्हणून बंदरांची नियमित जैविक पाहणी करण्याची पद्धत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभी राहिली. तिचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. बडोद्याच्या वाचकांना त्याचे एक टोक आपल्या घराजवळ सापडेल, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

काठेवाडच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि बेट यांचा मुलूख, गायकवाड सरकारच्या ताब्यात होता. तेथील समुद्रातून राज्यास काही उत्पन्न होऊ शकेल काय, मोत्यांची शिंप, शंख किंवा अन्य काही पदार्थ व्यापारास उपयोगी पडतील काय, हे पाहण्यासाठी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवशास्त्रज्ञाकडून पाहणी करविली. १९०५-०६ साली हॉर्नेल यांनी तेथे नमुने गोळा केले, आणि त्यांचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. उद्देश उत्पन्नाचा असला तरी काम शास्त्रीय शिस्तीने झाले. जमवलेले नमुने त्या त्या वर्गाच्या जाणकारांकडे पाठविण्यात आले. स्पंजांचे वर्णन आर्थर डेंडी यांनी केले. कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींचे वर्णन सर चार्ल्स इलियट यांनी केले. हे इलियट व्यवसायाने मुत्सद्दी होते आणि या गोगलगायींचा अभ्यास हा त्यांचा आवडता विषय होता.

या अहवालाचे मोल त्याच्या कर्त्यांनाही त्या वेळी पुरते उमगले नसावे. ओख्याचे आधुनिक बंदर बडोदे सरकारने त्यानंतर, १९२० च्या दशकात उभारले. म्हणजे मोठ्या आगबोटी तेथे लागण्यापूर्वी त्या किनाऱ्यावर कोणकोणते जीव होते, याची एक यादी आपल्या हाती राहिली. उद्या ओख्याच्या धक्क्यावर एखादा अनोळखी स्पंज आढळला, तर शंभर वर्षांपूर्वी तो येथे नोंदला गेला होता काय, हे निदान ताडून पाहता येते. आपल्या देशातील फार थोड्या बंदरांना असे भाग्य लाभले आहे.

जलचर जहाजातून प्रवास करतात कसे, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. पहिला मार्ग जहाजाच्या बुडाचा. लाकडी गलबतांच्या काळापासून कालवे, शिंपले, शेवाळ आणि लाकूड पोखरणारे किडे बुडाला धरून राहत आले आहेत. बुड वरचेवर खरवडावे लागते, हे कोकणातल्या प्रत्येक तांडेलास ठाऊक असे. दुसरा मार्ग जहाजाच्या पोटातल्या पाण्याचा. रिकामे जहाज हलके होऊन कलंडू नये म्हणून त्यात भार घालावा लागतो. त्या भाराला जुना शब्द 'नीरम' असा आहे. हल्ली सर्वत्र 'बॅलास्ट' म्हणतात. पूर्वी त्यासाठी दगड, वाळू, माती भरीत. पोलादी जहाजे आणि वाफेचे पंप आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, दगडांची जागा समुद्राच्या पाण्याने घेतली. पाणी भरणे सोपे, टाकणे त्याहून सोपे. एका बंदरात माल उतरवून जहाज तेथलेच पाणी टाक्यांत भरून निघते आणि दुसऱ्या बंदरात माल चढविताना ते पाणी तेथे सोडून देते. मोठ्या जहाजात हे पाणी हजारो टन असते, आणि त्यात अंडी, डिंभ, सूक्ष्म वनस्पती व जिवाणू यांची अदृश्य वस्ती असते.

या वाहतुकीचा संशय प्रथम नोंदला गेला तो उत्तर युरोपात. आशियाच्या समुद्रातून ज्ञात असलेली एक सूक्ष्म डायटम वनस्पती १९०३ साली उत्तर समुद्रात अचानक विपुल दिसू लागली. ऑस्टेनफेल्ड या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तिच्यावर लिहिताना ती जहाजांबरोबर आली असावी, असे अनुमान मांडले. त्याला हे अनुमान करता आले याचे कारण उत्तर समुद्राच्या प्लवकांची पाहणी त्या काळी नियमित चालू होती. जी वनस्पती पूर्वीच्या नोंदींत नव्हती, ती आता होती. वही अगोदर लिहिलेली होती, म्हणून नवे नाव नजरेत भरले.

जेथे अशी वही नव्हती तेथे काय झाले, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन समुद्र या भागातला एक लहानसा शिंपला आहे. शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. गोव्यातील वाचकांनी आपल्या शिनाण्यांचे अगदी धाकटे, काळपट भावंड डोळ्यांसमोर आणावे. नखाएवढा हा जीव महिन्याभरातच प्रजननक्षम होतो, गोड्या-खाऱ्या आणि घाणेरड्या पाण्यातही तग धरतो, आणि एकावर एक असे थर करून खांब, दोर, साखळ्या, नळ व जहाजांची बुडे झाकून टाकतो. विशाखापट्टणच्या बंदरात तो १९६७ साली आढळला, आणि आंध्रातील प्राणिशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे तो मुंबईच्या गोदीतही सापडला. करंदे आणि मेनन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली त्याच्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच या शिंपल्याला भारतीय बंदरांतला ताजा स्थलांतरित म्हटले आहे.

हा शब्द वाचून आम्ही क्षणभर थांबलो. स्थलांतरित हा शब्द आपल्या घराण्यांनाही लागू पडतो. पण येथे महत्त्वाचे ते दुसरे विशेषण. 'ताजा' म्हणावयाचे, तर तो केव्हा आला हे ठाऊक असावे लागते. १९६७ हे वर्ष तो दिसल्याचे आहे; आल्याचे नव्हे. पाण्याखालचा जीव माणसाच्या नजरेस पडेपर्यंत त्याच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. विशाखापट्टण आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी तो नजरेस आला तोवर त्याने पाय रोवले होते. त्याला काढणे मग कोणाच्याच हाती राहिले नाही. आज तो आपल्या बंदरांचा कायमचा रहिवासी आहे.

नोंद नसणे हे एक दुर्दैव झाले. नोंद असून ती चुकीची असणे हे दुसरे. त्याची कथा टास्मानियातील होबार्ट बंदरात घडली. डरवेंट नदीच्या मुखाशी १९८६ साली काही तारामासे सापडले. ते तेथल्याच एका जातीचे समजून बाजूला ठेवले गेले. खरे पाहता ते जपान व उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवरचे होते, आणि ही ओळख पटायला १९९२ साल उजाडले. तोपर्यंत डरवेंटच्या तळाशी त्यांची दाट वस्ती झाली होती. या तारामाशाची मादी एका हंगामात एक कोटीहून अधिक अंडी सोडू शकते. शिंपले व कालवे हे त्याचे आवडते खाद्य. पुढे तो मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिप उपसागरात शिरला आणि काही वर्षांतच तेथे त्याची संख्या कोट्यवधींवर गेली. ज्या सहा वर्षांत त्याच्याविरुद्ध काही करता आले असते, ती सहा वर्षे चुकीच्या नावाखाली निघून गेली.

या अनुभवाने ऑस्ट्रेलिया शहाणा झाला. तेथील राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेने १९९४ साली होबार्टलाच आगंतुक समुद्री जीवांच्या संशोधनासाठी एक केंद्र काढले. त्या केंद्राने बंदराची पाहणी कशी करावी याची एक ठरीव पद्धत लिहून काढली. धक्क्याच्या खांबांवर ठरावीक खोलीवर पाणबुड्यांनी चौकट लावावी, चौकटीतले सारे काही खरवडून पिशवीत घ्यावे. तळाचा गाळ नळीने काढावा आणि त्यातली सूक्ष्म वनस्पतींची सुप्तबीजे तपासावी. बारीक जाळ्यांनी प्लवक गाळावे. खेकड्यांसाठी सापळे लावावे. प्रत्येक जिवाची जात निश्चित करून नमुना जपून ठेवावा. पद्धत एकच ठेवण्यामागे हेतू असा की, आज एकाने केलेली पाहणी पाच वर्षांनी दुसऱ्याने केलेल्या पाहणीशी आणि एका बंदराची दुसऱ्या बंदराशी ताडून पाहता यावी. जमाखर्चाच्या वह्या एका नमुन्यात लिहाव्यात, हा पेढीवरचा जुना नियमच येथे पाण्याखाली गेला.

या वहीची खरी परीक्षा १९९९ साली उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे झाली. डार्विनला भरती-ओहोटीचा फरक आठ मीटरांपर्यंत जातो. त्यामुळे तेथे खासगी नौका ठेवण्याच्या गोद्यांना दरवाजे आहेत. आतले पाणी बंदिस्त व स्थिर असते. बंदराच्या पाहणीसाठी मार्च १९९९ मध्ये पाणबुडे यांपैकी कलन बे नावाच्या गोदीत उतरले, तेव्हा खांबांवर आणि नौकांवर काळ्या पट्ट्यांच्या लहान शिंपल्यांचे दाट थर दिसले. हा तोच विशाखापट्टण-मुंबईचा शिंपला, किंवा त्याचा अगदी जवळचा भाईबंद. सुमारे सहा महिन्यांपूर्वी याच जागेची पाहणी झालेली होती आणि त्या वेळी तो तेथे नव्हता. त्यामुळे अधिकाऱ्यांना एक गोष्ट निश्चित कळली: पाहुणा सहा महिन्यांच्या आतला आहे, आणि बाहेर फार दूर गेलेला नसावा. तो बहुधा एखाद्या प्रवासी नौकेच्या बुडाबरोबर आला असावा.

पुढचे काम वेगाने झाले. आणखी दोन बंदिस्त गोद्यांत शिंपला सापडला. तिन्ही गोद्यांचे दरवाजे बंद करण्यात आले. आत दीडशे टनांहून अधिक क्लोरीनचे द्रावण आणि काही टन मोरचूद ओतण्यात आले. या गोद्यांतून अलीकडे बाहेर पडलेल्या चारशेहून अधिक नौकांचा माग काढून त्यांची तपासणी झाली. महिन्याभरात शिंपला नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला. समुद्रात रुजू लागलेला आगंतुक जीव समूळ काढून टाकता आल्याची जी मोजकी उदाहरणे जगात आहेत, त्यांत याची गणना होते.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. त्या तीन गोद्यांतला शिंपल्याबरोबरचा इतर प्रत्येक जीवही मेला. दरवाजे बंद करता आले म्हणूनच हे शक्य झाले. मुंबईच्या खुल्या खाडीत किंवा झुआरीच्या मुखाशी मोरचूद ओतण्याचा विचारही कोणी करणार नाही. डार्विनच्या उदाहरणावरून औषधाचा धडा घेण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्यातला खरा धडा सहा महिन्यांपूर्वीच्या त्या पाहणीचा आहे. ती झालेली नसती, तर मार्चमध्ये दिसलेला शिंपला नवा की जुना यावर वाद होत राहिला असता, आणि तेवढ्यात त्याने दरवाज्याबाहेर पाऊल टाकले असते. बाहेर त्या किनाऱ्यावर मोत्यांच्या शिंपांचा मोठा व्यवसाय उभा होता. तेथील सरकारने नंतरही पाहणी सोडली नाही. पाण्यात पट्ट्या टांगून त्यांवर काय रुजते ते नियमाने पाहण्याची आणि परदेशी नौकांची बुडे गोदीत घेण्यापूर्वी तपासण्याची पद्धत तेथे रूढ झाली.

भारतात या कामाचा पद्धतशीर आरंभ २००० सालानंतर झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व जागतिक पर्यावरण निधीच्या साहाय्याने बॅलास्टच्या पाण्याविषयी एक प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी जगातील सहा ठिकाणे निवडली होती: ब्राझीलमधील सेपेटिबा, चीनमधील दालियान, इराणचे खार्ग बेट, दक्षिण आफ्रिकेतील सालदान्या, युक्रेनमधील ओडेसा आणि आपली मुंबई. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर यांची पाहणी गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, आणि तिच्यामुळे या विषयाचे भारतातील माहेरघर गोव्यात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ऑस्ट्रेलियातली तीच ठरीव पद्धत येथे वापरण्यात आली. मुंबईच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हातही दिसत नाही; तेथे खांबाला चौकट लावून खरवडणे म्हणजे केवळ स्पर्शावर चालणारे काम. वर आणलेल्या चिखलातून एकेक जीव वेचून त्याचे नाव ठरविणे हे त्याहून किचकट.

मुंबईची ही नवी वही उघडताना जुन्या वह्या शोधाव्या लागल्या. मुंबई बंदराच्या खडकांवर व खांबांवर पूर्वी काय होते, हे जुन्या निबंधांतून वेचून आताच्या यादीशी ताडून पाहण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला. अशा वेळी एक अडचण हटकून येते. अनेक जीव असे असतात की ते मूळचे येथले की जहाजातून आलेले, हे ठरविताच येत नाही. जगभर फिरणारी जहाजे निदान पाचशे वर्षे हिंडत आहेत, आणि शास्त्रीय नोंदी मात्र दोनशे वर्षांच्याही आतल्या आहेत. जेम्स कार्ल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये अशा जिवांसाठी एक वेगळी संज्ञा रूढ केली. तिचा भावार्थ 'ज्याचे मूळ झाकलेले आहे तो'. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. वंशावळीच्या वरच्या टोकाला 'मूळ गाव अज्ञात' असे लिहावे लागते आणि प्रामाणिक माणूस तेथे कल्पनेने गाव भरीत नाही.

गोव्याच्या वाचकांना मुरगावविषयी उत्सुकता असेल. कोणत्या बंदराला धोका अधिक, हे तेथे येणाऱ्या मालापेक्षा तेथून जाणाऱ्या मालावर अवलंबून असते. जेथून जड माल भरून जातो तेथे जहाजे रिकामी येतात, म्हणजेच परक्या पाण्याने भरून येतात. १९५० नंतर गोव्याचे लोहखनिज परदेशी जाऊ लागले, आणि पुढची अनेक दशके मुरगावला येणारी जहाजे दूरदूरच्या बंदरांचे पाणी घेऊन येत राहिली. खनिजाचा प्रत्येक टन मोजला गेला, त्यावर स्वामित्वशुल्क आकारले गेले. पाण्याचा हिशेब त्या काळात कोणी ठेवला नाही. मुंबईनंतर मुरगाव धरून देशातील इतर मोठ्या बंदरांतही पाहण्या झाल्या. ज्या किनाऱ्यावर शिनाणे, तिसऱ्या आणि कालवे हे गरिबाच्या ताटातले आणि बाजारातले रोजचे पदार्थ आहेत, तेथे हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही.

तो केवळ मासळीचाही नाही. १९९१ साली पेरूमध्ये पटकीची मोठी साथ आली. त्याच सुमारास अमेरिकेतील मोबाईल उपसागरात आलेल्या काही जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यात लॅटिन अमेरिकेतल्या त्या साथीचेच जंतू सापडले. पुढे आंतरराष्ट्रीय करार झाला तेव्हा, सोडावयाच्या पाण्यात पटकीचे जंतू किती चालतील याची मर्यादा त्यात घालण्यात आली, ती या पार्श्वभूमीवर.

हा करार १३ फेब्रुवारी २००४ रोजी लंडन येथे संमत झाला. अमलात येण्यासाठी निदान तीस राष्ट्रांची आणि जगातील एकूण व्यापारी जहाजांच्या ३५ टक्के टनभाराची संमती हवी होती. ती जमता जमता तेरा वर्षे गेली, आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजी करार लागू झाला. प्रथम जहाजांनी किनाऱ्यापासून दूर, शक्यतो २०० सागरी मैलांपलीकडे खोल समुद्रात, टाक्यांतले पाणी बदलावे असा नियम होता. त्यानंतर पाणी गाळून व निर्जंतुक करूनच सोडावे असे ठरले. पन्नास मायक्रॉन अथवा त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटर पाण्यात दहापेक्षा कमी असले पाहिजेत, ही त्यातली एक अट आहे. सप्टेंबर २०२४ पासून करार लागू असलेल्या सर्व जहाजांना ही अट पाळणे भाग आहे.

मग आता पाहणीची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. सरकारी कचेऱ्यांत तो विचारला जातोही, कारण पाणबुडे, प्रयोगशाळा आणि जाती ओळखणारे तज्ज्ञ यांवर खर्च होतो आणि बहुतेक वर्षी निष्पत्ती 'नवे काही आढळले नाही' एवढीच असते. याला आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, करार पोटातल्या पाण्यापुरता आहे. बुडाला चिकटून येणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. परंतु त्या सूचनाच आहेत, सक्ती नाही. डार्विनचा शिंपला बुडावरूनच आला असावा, हे येथे आठवावे. दुसरे उत्तर केरळातले आहे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा मायटेला नावाचा शिंपला केरळच्या किनारी पाण्यात वाढल्याचे २०१९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकांतून जाहीर झाले. अष्टमुडी सरोवरात त्याने मूळच्या शिनाण्यांची व कालवांची जागा व्यापली. याच सरोवरातील तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. भारतात ते मिळविणारी ती पहिली. तेथील कुटुंबांच्या पोटापाण्यावर हा शिंपला आला आहे. करार लागू झाल्यानंतरच्या काळातली ही घटना आहे, आणि विशाखापट्टणपेक्षा काही निराळे तेथे घडलेले नाही. दिसला तेव्हा उशीर झाला होता.

'नवे काही आढळले नाही' हा शेरा म्हणूनच निरुपयोगी नव्हे. डार्विनमध्ये महिन्याभरात जे साधले, ते अशाच एका कोऱ्या शेऱ्याच्या बळावर. पाहणी एकदा करून अहवाल कपाटात ठेवला, तर तो ओखामंडळाच्या खंडांसारखा इतिहासाचे साधन होतो. पहाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही. पहारा म्हणजे तीच नोंद पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने घेणे. पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून जीव ओळखण्याची नवी साधने आता आली आहेत आणि त्यामुळे काम हलके होईल. पण त्या डीएनएची गाठ ज्या नावाशी घालायची, ते नाव ठरविणारा जाणकार लागतोच. आणि गोगलगायी, स्पंज, कृमी यांच्या जाती नजरेने ओळखणारी माणसे देशात विरळ होत चालली आहेत. सर चार्ल्स इलियट यांनी राजकारभार सांभाळून हे काम केले. आज ज्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांना निदान निर्वेधपणे ते करता यावे, एवढी तरी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

शेवटी एक शंका दूर करणे आवश्यक वाटते. परक्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या घराण्यांनी 'बाहेरून आलेला तो उपद्रवी' असे म्हणावे, हे विचित्र दिसेल. आम्ही तसे म्हणत नाही, आणि या विषयाचे अभ्यासकही म्हणत नाहीत. मिरची आणि काजू समुद्रमार्गेच पोर्तुगिजांबरोबर आले; त्यांच्यावाचून आपले स्वयंपाकघर आज ओळखू येणार नाही. पाण्यात उतरलेल्या परक्या जिवांपैकीही बहुसंख्य कोणाला त्रास न देता राहतात. कोणता निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे मात्र तो कोण, कोठला आणि केव्हा आला हे कळल्यावाचून ठरत नाही. ती माहिती नसली की एक तर सगळ्यांविषयी संशय उरतो किंवा सगळ्यांकडे दुर्लक्ष होते, आणि दोन्ही वाईट.

बडोदे सरकारने सव्वाशे वर्षांपूर्वी ओखामंडळाच्या किनाऱ्यावर जी मोजदाद करविली, ती मोत्यांच्या आशेने. मोत्यांतून राज्यास काय मिळाले असेल ते असो. यादी मात्र उरली. आपल्या बंदरांच्या आजच्या याद्याही कोणीतरी शंभर वर्षांनी उघडील. त्यांत आपल्या काळाची पाने कोरी असू नयेत.